तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडे रोज टर्किश कॉफीच पीत असाल ना?

बुर्सात सहा वर्षं काढून आम्ही कोल्हापुरात परतलो, त्याला आता तीन वर्षं होतील. तरी अजून कुठल्याही मुंजीत, डोहाळजेवणात कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि विचारतं, "काय हो, तिकडे तुर्कस्तानात रोज टर्किश कॉफीच पीत असाल ना?" पंक्तीत सगळं सांगत बसता येत नाही, म्हणून मी "नाही हो, चहाच" म्हणून मोकळी होते. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. एवढ्या लांब जाऊन चहाच?

तर आज सविस्तर सांगते.

ह्यांची नोकरी कापडाच्या कारखान्यात, डाइंगला. बुर्सा म्हणजे तिकडची इचलकरंजी म्हणा, फक्त मागे उलुदाग नावाचा अडीच हजार मीटरचा बर्फाचा डोंगर आणि गावाला सहाशे वर्षांचा रेशमाचा इतिहास. गावाच्या मधोमध कोझा हान आहे. कोझा म्हणजे रेशमाचा कोश. १४९१ साली बांधलेली ही दुमजली सराई. पूर्वी इथे कोशांचा बाजार भरायचा, आता वरच्या मजल्यावर रेशमी रुमालांची दुकानं आणि खाली अंगणात, झाडांच्या सावलीत, चहाची टेबलं. पहिल्याच आठवड्यात आम्ही तिथे जाऊन बसलो आणि मी सवयीनं चहात घालायला दूध मागितलं. चहावाल्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या चार वर्षांच्या मुलाकडे बघितलं, आणि वेगळ्या पेल्यात कोमट दूध आणून मुलासमोर ठेवलं. चहात दूध ही कल्पनाच त्याच्या डोक्यात शिरली नव्हती.

तिथे चहा करायला एकावर एक बसणाऱ्या दोन किटल्या असतात. खालच्या मोठ्या किटलीत नुसतं पाणी खदखदत असतं, वरच्या छोटीत पत्ती त्या वाफेवर पंधरा-वीस मिनिटं मुरते. ह्या मुरण्याला 'देम' म्हणतात. आपण बिर्याणीला देतो तोच दम. मग वरचा काळाभोर अर्क थोडा ओतायचा आणि खालचं पाणी घालून ज्याला जसा हवा तसा पातळ करून द्यायचा. उत्तम चहाचा रंग कसा, तर 'ताव्शान कानी', म्हणजे सशाच्या रक्तासारखा. ऐकायला बरं वाटत नाही, पण उन्हात पेला धरला की पटतं. पेलाही बारीक कमरेचा, कानाशिवायचा, काठाशी दोन बोटांत धरायचा. रिकामा झाला की यजमानीण विचारल्याशिवाय भरते. पुरे असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा कुणाकडे गेले तेव्हा नऊ पेले प्यायले आणि रात्रभर छताकडे बघत पडले.

चहा कुठेही मिळतो. सोनाराकडे, बँकेत, टायर बदलायला गेलात तर तिथे. तीन साखळ्यांना टांगलेलं ताट झुलवत चहावाला पोरगा गर्दीतून पळतो आणि थेंब सांडत नाही. त्याला 'चायजी' म्हणतात. 'चाय'ला 'जी' म्हणजे ते काम करणारा. आपल्या मशालची, बावर्ची, तोपची ह्या शब्दांच्या शेपटाला लागलेला 'ची' तोच. एकदा दहा नोव्हेंबरला सकाळी मी बाजारात होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी भोंगे वाजले. १९३८ साली ह्याच वेळेला अतातुर्क, तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक, गेले. मोटारी जागच्या जागी थांबल्या, माणसं उतरून रस्त्यात ताठ उभी राहिली, आणि तो चायजी ताट हातात तसंच धरून दुकानाच्या पायरीवर. ताटातले पेले मात्र अजून थोडे हलत होते.

मग कॉफी कुठे, तर ती मला मिळाली शिऱ्यामुळे.

नव्या घरात आल्यावर मी आपली घरच्या घरी सत्यनारायणाची पूजा केली, पोथी मोबाइलवर. सव्वाच्या मापाचा प्रसाद झाला, साजूक तुपातला, केळं-बेदाणे घालून. वाटीभर शिरा घेऊन शेजारचं दार वाजवलं. पासष्टीच्या बाई. त्यांना सगळे 'तेयझे' म्हणायचे, म्हणजे मावशी. त्यांनी दार उघडलं, वाटीत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मला घट्ट जवळ घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "किम?" माझं तुर्की तेव्हा पंधरा शब्दांचं. 'किम' म्हणजे कोण, एवढं येत होतं. वाटलं, कुणी केलाय विचारतायत. मी अभिमानानं म्हटलं, "बेन." मी.

त्या बघतच राहिल्या.

त्यांच्या मुलीला थोडं इंग्रजी येत होतं, तिनं उलगडा केला. तिकडे रव्याचा हलवा घरात कुणी गेलं की करतात. मावशी विचारत होत्या, कोण गेलं? आणि मी दारात उभी राहून सांगत होते, मी गेले. दोघी मायलेकी हसून हसून चौकटीला टेकल्या. मग मावशींनी मला हाताला धरून आत नेलं आणि म्हणाल्या, थांब, कॉफी करते.

माझी पहिली टर्किश कॉफी ती. जेझवे म्हणजे लांब दांड्याचं पितळी-तांब्याचं छोटं भांडं, आपल्या फोडणीच्या कढल्याचं उभट भावंड. कॉफी पिठासारखी बारीक दळलेली. कपानं मोजून गार पाणी घालायचं, माणशी एक चमचा पूड, आणि साखर आधीच, कारण नंतर ढवळलं तर गाळ वर येतो. म्हणून पाहुण्याला आधी विचारतात: बिनसाखरेची, कमी, मध्यम की गोड? मग मंद आचेवर ठेवून तिथून हलायचं नाही. आपण दुधावर लक्ष ठेवतो तसं. फेस कडेनं वर चढायला लागला की उचलायचं, तो फेस आधी सगळ्यांच्या कपांत वाटायचा, मग उरलेली कॉफी ओतायची. फेस नसलेली कॉफी पुढे करणं म्हणजे पाहुण्याला कटवणं. सोबत पाण्याचा ग्लास आणि लोकुम ह्या मऊ मिठाईची एक वडी. पाणी आधी प्यायचं, तोंड स्वच्छ व्हायला. दोन घोटांची कॉफी आणि तासाभराच्या गप्पा.

त्या दिवशी मावशींनी एक म्हण शिकवली: एका फिंजान, म्हणजे छोट्या कपभर, कॉफीची खातर चाळीस वर्षं असते. तुर्कीत शब्द 'हातिर', आपल्याकडे 'खातर', दोन्ही अरबीतून आलेले. माझ्याखातर कर, असं आपण म्हणतो ना, ती. मी वहीत लिहून घेतलं. अशा शब्दांची यादी पुढे वाढतच गेली: दुकान, हवा, मैदान, साबण, तवा. चकमक हा तर थेट तुर्की शब्द. तिकडे आज लायटरला 'चाकमाक' म्हणतात. आणि 'फकात'नं मला सहा महिने फसवलं, कारण त्याचा अर्थ 'फक्त' नाही, 'पण'.

नात्यांची नावं ऐकून तर मला माहेरी आल्यासारखं झालं. मावशी वेगळी, आत्या वेगळी, काका वेगळा, मामा वेगळा. जावेला 'एल्ती', नणंदेला 'ग्योरुमजे', मेहुणीला 'बाल्दिझ' आणि साडूला चक्क 'बाजानाक'. इंग्रजीत साडू समजावून सांगायचा म्हणजे झाडाची आकृती काढावी लागते. मावशींना 'बाजानाक' म्हटलं की पुढचं सगळं राजकारणही कळायचं.

आता तुमचा प्रश्न. एवढं कॉफीचं कौतुक, तर रोज चहा का?

कॉफी त्या देशात पिकायची नाही, ती यायची येमेनहून. ऑटोमन, म्हणजे पुढे तुर्की साम्राज्य उभारणारं घराणं, मूळचं बुर्साकडचं. १३२६ मध्ये त्यांनी हे गाव घेऊन राजधानी केलं. उस्मान आणि ओरहान ह्या पहिल्या दोन सुलतानांच्या कबरी गावातल्या तोपहाने भागात आहेत. तोपहाने म्हणजे तोफखाना. नगरला तोफखाना आहे, आणि विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरलाच ओतली गेली, ती ओतणारा महंमद बिन हसन 'रूमी', म्हणजे ह्याच मुलखातला. हे मी मावशींच्या यजमानांना सांगितलं तेव्हा ते आठवडाभर प्रत्येकाला सांगत फिरत होते. असो. १४५३ मध्ये इस्तंबूल पडलं, पुढच्या शतकात येमेन ताब्यात आलं. सीरियातल्या हलब (अलेप्पो) आणि दमास्कसहून आलेल्या दोघांनी १५५० च्या दशकात इस्तंबुलात पहिली कॉफीगृहं काढली, असं पेचेवी हा तिथला जुना इतिहासकार लिहितो. लोक तिथे जमून कॉफी प्यायचे, बुद्धिबळ खेळायचे आणि सरकारला नावं ठेवायचे. सुलतान चौथ्या मुरादनं १६३३ मध्ये कॉफीगृहांवर बंदी घातली ती कॉफीपेक्षा ह्या गप्पांच्या धास्तीनं. बंदी टिकली नाही. कॉफी भाषेतच मुरली होती: तपकिरी रंग म्हणजे 'कॉफीरंग', आणि न्याहारी म्हणजे 'कहवाल्ती', कॉफीच्या आधी पोटाला आधार.

पहिल्या महायुद्धात सगळं फिरलं. त्या युद्धात आपलीही माणसं त्यांच्यासमोर होती. सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी, इराकातल्या कुत गावात वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. इंग्रज सेनापती इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपाई वाळवंटात चालता चालता मेले. आणखी दोन वर्षांत ऑटोमन हरले, येमेन गेलं, अरब मुलूख गेला. १९२३ मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा कॉफी परदेशी माल झाली होती आणि तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट.

काळ्या समुद्राच्या काठावर रिझे नावाचा धो-धो पावसाचा गरीब जिल्हा आहे. १९२४ मध्येच तिथे चहा लावायचा कायदा झाला. बरीच वर्षं काही जमलं नाही. १९३० च्या दशकात शेजारच्या जॉर्जियातून, बातुमीहून बी आणलं, १९४७ मध्ये रिझेत कारखाना उभा राहिला, आणि पुढच्या पिढीत घरोघरी दोन मजली किटली आली. आज दरडोई चहा पिण्यात तुर्कस्तान जगात पहिला. ज्याला आपण हजार वर्षांची तुर्की परंपरा समजून फोटो काढतो, तो बारीक कमरेचा पेला घराघरांत पोचला तो मावशींच्या आईच्या काळात. मावशींना तर १९७० च्या दशकाच्या शेवटी कॉफी बाजारातून गायब झालेली आठवते. त्यांनी हरभरे भाजून, दळून त्याची 'कॉफी' पाहुण्यांपुढे ठेवली होती. "फेस यायचा नाही," म्हणाल्या, अजून लाज वाटत असल्यासारख्या.

चहा असा स्वस्त, आपला, दिवसभराचा झाला आणि कॉफी प्रसंगाला उरली. मुलीला मागणी घालायला मुलाकडचे येतात तेव्हा कॉफी मुलीनंच करायची. आपले कांदेपोहे बिचारे सरळ असतात. तिथे मुलाच्या कपात चमचाभर मीठ घालतात आणि त्यानं तोंड वाकडं न करता ती संपवायची. मावशींच्या मुलीच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते. मिठाचा चमचा मोठा होता. पिऊन झाल्यावर कप बशीवर पालथा घालून गाळात भविष्य बघतात. ह्यावरही म्हण आहेच: शकुनावर विश्वास ठेवू नये, पण शकुनाशिवाय राहूही नये. माझ्या कपात मावशींना दरवेळी मासा दिसायचा, म्हणजे पैसा. तो काही आला नाही.

जेवणाचंही विचारता, तर थोडक्यात: शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. मसुराचं सूप, ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, लसूण घातलेली काकडीची कोशिंबीर, आणि 'आयरान', म्हणजे निव्वळ आपलं मीठ घातलेलं ताक. कबाबांचं ह्यांना विचारा.

पाचव्या वर्षी मावशींचे यजमान गेले. फोन आला तशी मी गेले. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात लोण्यात रवा पडला होता, चिलगोजे घातलेले, आणि बायका पाळीपाळीनं ढवळत होत्या, ओठांत प्रार्थना पुटपुटत. हलव्याचा वास गेलेल्यापर्यंत पोचतो, असं मानतात. मावशींनी मला बघितलं, कालथा माझ्या हातात दिला आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हिला येतं." रवा आपल्यापेक्षा खूप जास्त भाजतात, पार खमंग तपकिरी होईपर्यंत. हात भरून आला तरी मी कालथा सोडला नाही.

तर कॉफी रोज नाही, हो. जेझवे आणलंय मी, काचेच्या कपाटात आहे. पूड गेल्या महिन्यात संपली, आणि इथली त्यात फेस धरत नाही. घरी याल तेव्हा चहा टाकते. दूध घालूनच.