चोपण रानातलं तळं: मिश्र मत्स्यपालनाचा माझा अनुभव

शिरोळ तालुक्यातला आमचा सखल तुकडा उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड, चोपण झाला. ऊस पिवळा पडायचा, उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापडी धरायची. निचऱ्याचे पाईप घालायचे तर शेजारची रानंही एकत्र यायला हवीत. ती आली नाहीत. शेवटी तिथं तळंच खणलं. आप्पा म्हणाले, "आरं मर्दा, कोल्हापूर मटणाचं गाव. मासं कोण खाणार हाय?"

मला मात्र वेड लागलं होतं ते समुद्राचं. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं कोबिया माशांच्या पिंजऱ्यांशेजारी कप्पाफायकस शैवालाचे बांबूचे तराफे लावून दाखवलेत. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून पाण्यात विरघळणारं नत्र शैवाल ओढून घेतं. सोबत कालवं किंवा शिंपले ठेवले तर ते तरंगते कण गाळून खातात. आम्हाला समुद्रासाठी आंबा घाट उतरावा लागतो, पण गोड्या पाण्यात हाच हिशोब कार्प जातीच्या माशांत (कटला, रोहू वगैरे) बसतो.

कटला वरच्या थरातले प्राणीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचं कुजकं खातो. त्यात चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) मिसळले की सहा जाती होतात. यात खरा कामाचा गडी गवत्या. त्याला बांधावरचं गवत टाकायचं. तो त्यातलं निम्मंच पचवतो. बाकीचं तळाच्या माशांना मिळतं आणि पाण्याला खत होतं. चंदेरा मी मोजकाच सोडला, कारण तो वाढला की कटल्याचा वाटा खातो. सायप्रिनसही कमीच, तो बांध उकरतो.

तळं तयार करताना सगळे सांगतात, आधी चुना टाका. आमच्या चोपण मातीचा सामू (पीएच) मुळातच चढा, तिथं चुन्यानं तो आणखी चढला असता. माती तपासून घेतली आणि जिप्सम वापरलं. क्षारपडीत तळं करणाऱ्यानं दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण माती तपासणीचा अहवाल आधी हातात घ्यावा.

शिफारस हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकलींची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, असते. मी खालच्या आकड्याजवळ थांबलो. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, स्वस्त मिळतात, पण जगणं-वाचणं नशिबावर. म्हणून बोटुकलीच घेतली. पिशव्या आधी तळ्यात तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट झाल्यावरच तोंडं सोडली.

खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. शेणानं पाण्यात प्लवंग वाढतात, ते किती टाकायचं हे पाणीच सांगतं. हात कोपरापर्यंत बुडवायचा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर पाणी जास्त हिरवं झालं, शेण बंद. ढगाळ हवेत हे फार सांभाळावं लागतं. दिवसा ऊन नसलं की पाण्यातले हिरवे प्लवंग प्राणवायू कमी तयार करतात, रात्री मात्र वापरतातच. आषाढात एका पहाटे सगळे मासे तोंड वर काढून गपागपा करत होते. मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडत राहिलो, उन्हं आल्यावर मासे खाली गेले.

अनुदानाचा अर्ज सौ.च्या नावानं केला. तुकडा तिच्याच नावावर होता आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४०. कागदांचं वर्णन करत बसत नाही, सातबारा काढलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं.

पुराची धास्ती मात्र वेगळी. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा-कृष्णेनं शिरोळचं काय केलं ते डोळ्यांसमोर होतं. पावसाळ्याआधी बांधाची उंची वाढवली, वर जाळी ताणली. कृष्णामाई खरंच आली तर जाळी काय करणार, हे आप्पांनी रोज विचारलं.

विक्री एकदम केली नाही. किलोच्या पुढचे कटला-रोहू आधी काढले, म्हणजे मागच्यांना जागा आणि खाद्य मिळालं. रोहूला गिऱ्हाईक बांधावरच मिळालं. मृगळ जाळ्याखालून चिखलात घुसायचा, त्याच्यासाठी तळं गुडघ्यापर्यंत उपसावं लागलं. आप्पांनी त्यातले दोन मोठे स्वतः निवडून घरी नेले.