२७ इंची मॉनिटर, नोंद पाचवी : ब्लॅकआउटचं मूळ सापडलं

सापडलं! १९ दिवस ज्या ब्लॅकआउटने, म्हणजे मॉनिटरची स्क्रीन मधेच काळी पडण्याने, डोकं खाल्लं, त्याचं मूळ सापडलं. ते पॅनलमध्ये नव्हतं, ग्राफिक्स कार्डात नव्हतं आणि ड्रायव्हरमध्येही नव्हतं. ते होतं मी बसतो त्या खुर्चीत आणि टेबलामागच्या भिंतीतल्या बोर्डात. मागच्या नोंदीच्या शेवटी ‘आता पॅनल बदलूनच मागतो’ असं लिहिलं होतं. ते रद्द. मॉनिटर ठणठणीत आहे.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. दिवाळीत जुना २३.८ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झवाला काढून २७ इंची १४४०पी, १८० हर्ट्झचा आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) घेतला. (‘पी’ म्हणजे उभ्या दिशेत किती पिक्सेलं, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं.) ग्राफिक्स कार्ड तेच, आरटीएक्स ३०६०. दिवसा मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी, रात्री दीड-दोन तास गेम. ओएलईडी का नाही, हे तिसऱ्या नोंदीत सविस्तर आलंय. दिवसाचे नऊ तास एकाच जागी तीच टूलपट्टी उभी असताना बर्न-इनची (स्थिर चित्राचा डाग पॅनलवर कायमचा उमटण्याची) टांगती तलवार मला नको होती. शिवाय बहुतेक क्यूडी-ओएलईडींची (ओएलईडीचाच एक प्रकार) उपपिक्सेलं, म्हणजे पिक्सेलातले लाल-हिरवे-निळे ठिपके, त्रिकोणात मांडलेली असतात आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारं विंडोजचं क्लिअरटाइप मात्र आडव्या आरजीबी पट्ट्या गृहीत धरून चालतं. शिरोरेघेच्या वरखाली जी हिरवट-गुलाबी कड दिसते, ती इंग्रजी वाचताना चालून जाईल, पण दिवसभर शिरोरेघच बघायची असेल तर डोळ्यांना खुपते.

आता दुखण्याकडे. स्क्रीन दीड-दोन सेकंद पूर्ण काळी व्हायची आणि आपोआप परत यायची. आवाज चालू, गेम चालू, माऊस चालू. विंडोज जिथे बिघाड नोंदवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एक ओळही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर काहीच त्रास नव्हता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं आणि नेमका त्याच आठवड्यात मी ड्रायव्हर अपडेट केला होता. त्यामुळे पहिले चार दिवस ड्रायव्हरच्या मागे गेले. सेफ मोडमध्ये जाऊन साफ पुसला, मग एकामागून एक दोन जुन्या आवृत्त्या टाकून पाहिल्या. व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे हर्ट्झ बदलणारी सोय) बंद केलं. काही फरक नाही.

मग एक गोष्ट घडली आणि तिने मला आणखी आठवडाभर चुकीच्या वाटेवर ठेवलं. ओएसडीमध्ये, म्हणजे मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत, डिस्प्लेपोर्ट (कार्ड आणि मॉनिटर जोडणारा दुवा) १.४ चं १.२ केलं आणि १४४ हर्ट्झवर आलो. (१.२ मध्ये सेकंदाला प्रत्यक्ष वापरता येतात १७.२८ गिगाबिट. त्यात १४४०पीला १४४ हर्ट्झ मावतं, १८० मावत नाही. १.४ मध्ये हीच मर्यादा २५.९२ वर जाते.) तर तसं केल्यावर दिवसाला पाच-सहा होणारे ब्लॅकआउट दोन-तीनवर आले. साहजिकच मी म्हटलं, केबल कमी पडतेय. टॉवर, म्हणजे संगणकाचं कॅबिनेट, टेबलाखाली आहे म्हणून खोक्यातली दीड मीटरची केबल न लावता मी तीन मीटरची वेगळी घेतली होती. ती बदलली, पण दुसरीही तीन मीटरचीच आणि तसल्याच दर्जाची आणली. फरक शून्य. सर्व्हिसवाला माणूस येऊन गेला. त्याने अर्धा तास ६० हर्ट्झवर लावून ठेवलं, काही झालं नाही, आणि ‘दोष आढळला नाही’ असं लिहून तो गेला. त्या अर्ध्या तासात खुर्चीवर कोणीच बसलं नव्हतं, हे मला फार नंतर लक्षात आलं.

शेवटी वही घेतली. प्रत्येक ब्लॅकआउटची वेळ आणि तेव्हा मी काय करत होतो, एवढंच टिपायचं. नऊ दिवसांत ३४ नोंदी झाल्या. गेममध्ये लागतात की मांडणीत, कार्ड तापल्यावर की थंड असताना, असं सगळं जुळवून पाहिलं. काहीच जुळेना. वेळा तेवढ्या विचित्र होत्या. सकाळी अकराच्या आसपास, दुपारी जेवणाच्या आधी, चारला, रात्री झोपण्यापूर्वी. जणू मॉनिटरला चहाची वेळ कळत होती.

शनिवारी बायकोने तिच्या शाळेच्या निकालपत्रकांसाठी दोन तास मशीन वापरलं. तिला माझी गॅसवाली (गॅसच्या नळकांड्यावर वरखाली होणारी) खुर्ची उंच पडते, म्हणून ती प्लास्टिकची घेऊन बसते. उठल्यावर मी विचारलं, “किती वेळा गेली स्क्रीन?”

“एकदाही नाही.”

“एकदाही नाही? नीट आठव.”

“अरे, मी चार वेळा उठले, परत बसले. तू म्हणतोस तसं काही झालंच नाही.”

‘उठले, परत बसले’ हे ऐकलं आणि वही उघडली. अकरा, एक, चार. प्रत्येक वेळी मी खुर्चीवरून उठत होतो!

लगेच चाचणी लावली. गॅसची खुर्ची, १८० हर्ट्झ, तीन मीटरची केबल : २० वेळा बसून उठलो, ७ वेळा स्क्रीन काळी. प्लास्टिकची खुर्ची : २० पैकी ०. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल : २० पैकी ०. पुन्हा गॅसची : २० पैकी ६. इतक्या आनंदात मी फार दिवसांत उठाबशा काढल्या नव्हत्या.

शोधल्यावर कळलं की हा प्रकार माहीत असलेला आहे. बाहेरच्या डॉक आणि डिस्प्लेची चिप बनवणाऱ्या डिस्प्लेलिंकने आपल्या मदतपानावर तो स्पष्ट नोंदवला आहे : गॅस-लिफ्टच्या खुर्चीवरून उठताना विद्युतचुंबकीय झटका निर्माण होतो, व्हिडिओ केबल तो पकडते आणि सिंक (कार्ड-मॉनिटरचा ताळमेळ) तुटतो. उठताना कपडे आणि सीटचं कापड एकमेकांपासून सुटतात, भार साठतो आणि खुर्चीच्या धातूच्या भागांत बारीक ठिणगी पडते. तेवढी ठिणगी लांब, कमजोर शील्डच्या (तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाच्या) केबलला पुरते. डिस्प्लेपोर्टचा दुवा तुटला की कार्ड आणि मॉनिटर तो नव्याने जुळवतात. काळी स्क्रीन म्हणजे ते जुळवण्याचे दोन सेकंद. १.४ मध्ये केबलमधली प्रत्येक लेन (तारांची जोडी) सेकंदाला ८.१ गिगाबिटने धावते, १.२ मध्ये ५.४ ने. संथ सिग्नलला धक्का पचवायला जास्त जागा असते, म्हणून १.२ वर त्रास कमी झाला होता. आणि डिसेंबरच का, तेही उलगडलं. पुण्याची हवा कोरडी पडली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, त्यातलाच हा प्रकार. ड्रायव्हरचा काही संबंधच नव्हता.

इथे थांबता आलं असतं. पण एक गोष्ट मनात राहिली. रात्री अनवाणी बसून मॉनिटरच्या धातूच्या स्टँडला हात लावला की बोटांना बारीक मुंग्या येतात. मी ते नव्या वस्तूचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. मल्टिमीटर काढला. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल-अर्थ मात्र १०४! तिथे दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. म्हणजे बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग नव्हतंच. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ तरंगती (कुठेच न जोडलेली) असेल तर कॅबिनेटचं धातूचं धड पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास जाऊन बसतं. मॉनिटरचा अडॅप्टर दोन पिनांचाच आहे, पण केबलच्या शील्डमधून मॉनिटर आणि कॅबिनेट एकच होतात. मुंग्या त्याच्या.

सोमवारी वायरमन आला. बोर्ड उघडला तर हिरवी वायर होती, पण कापून, काळी टेप गुंडाळून मागे ढकललेली. कधीतरी दिव्याच्या पॉइंटवरून ही लाइन वाढवताना कोणीतरी दोनच तारा पुढे नेल्या होत्या. त्याने मेनपासून नवीन अर्थ वायर ओढली. आता न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट. मुंग्या बंद. आणि वर्षानुवर्षं स्पीकरमध्ये जी घूं ऐकत होतो, तीही गेली! तीन वर्षांपूर्वी त्या स्पीकरसाठी मी वेगळं साउंड कार्ड घेतलं होतं.

बदल एकेक करून मोजले. अर्थिंगनंतर, तीच जुनी तीन मीटरची केबल : ४० पैकी ३. मग टॉवर टेबलावर आणला, खोक्यातली दीड मीटरची केबल लावली आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, आणलेले दोन फेराइट कोअर (असे झटके अडवणारी चुंबकीय कडी) तिच्या दोन्ही टोकांना अडकवले : ४० पैकी ०, १८० हर्ट्झवर, डिस्प्लेपोर्ट १.४ वर. तीन दिवस झाले, वहीत नवी नोंद नाही. केबल आणि फेराइट एकदम बदलले, त्यामुळे कोणाचं श्रेय किती ते सांगता येत नाही. पण केबलबद्दल माझं मत आता पक्कं झालंय : व्हेसा (डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणारी संस्था) प्रमाणित आणि लागेल तेवढ्याच लांबीची. खोक्यावर ‘८के’ छापलंय म्हणून घेऊ नका. काही स्वस्त केबलींत २० नंबरची पिनही जोडलेली असते. ती ३.३ व्होल्टची पॉवर लाइन आहे, केबलमधून ती आरपार जायला नको. मशीन बंद असताना मॉनिटरकडून कार्डात वीज शिरल्याचे प्रकार त्यातूनच होतात.

एवढं झाल्यावर पहिल्यांदाच निवांत कामाला बसलो आणि ज्यासाठी हा मॉनिटर घेतला ते सुख मिळालं. २३.८ इंची पॅनलची उंची २९.६ सेंटीमीटर, ए-४ कागदाची २९.७. म्हणजे जुन्या स्क्रीनवर खऱ्या मापात अख्खं पान एका मिलिमीटरने मावत नव्हतं, टूलपट्टी धरली तर विचारूच नका. २७ इंचीची उंची ३३.६. पान पूर्ण बसतं आणि वर पट्टीला जवळपास चार सेंटीमीटर उरतात. रुंदी ५९.८, म्हणजे समोरासमोरची दोन पानं खऱ्या मापात एकदम दिसतात. मी खरा कागद स्क्रीनला लावून पाहिला, कडा जुळल्या. घनता ९३ वरून १०९ पीपीआयवर (दर इंचाला पिक्सेलं) गेल्याने १२ पॉइंटच्या मजकुराला १५ ऐवजी १८ पिक्सेलं मिळतात. ‘द्ध’ आणि ‘द्व’ झूम न करता वेगळे दिसतात, तळटिपेतला अनुस्वार शिरोरेघेत बुडत नाही. मुद्रितशोधनाची एक फेरी तरी वाचेल.

गेमचं थोडक्यात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दोन चित्रांमधलं अंतर १६.७ मिलिसेकंदांवरून साडेपाचवर येणं हाताला लगेच कळतं, जरी ३०६० तिथे कायम सेकंदाला १८० चित्रं देत नाही. एल्डन रिंग ६० लाच बांधलेला आहे, तिथे फायदा फक्त रेखीवपणाचा. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलांना रंग झटपट बदलायला लावणारी सोय) मधल्या पायरीवर ठेवलाय. सर्वांत वरच्या पायरीवर टेस्टयूएफओ या चाचणी-संकेतस्थळावरच्या सरकत्या तबकडीमागे उलटी पांढरी शेपटी दिसते. खोक्यावरचं ‘१ मिलिसेकंद’ त्याच पायरीचं असतं, तिथे कोणी खेळू नये.

एक तक्रार राहतेच : एसआरजीबी मोडमध्ये (प्रमाणित रंग दाखवणाऱ्या) ब्राइटनेसचं बटण कुलूपबंद होतं. रात्री कामाला तो मोड हवा असतो आणि तेव्हाच तो डोळ्यांवर येतो.

हे लिहिता लिहिता सुचलं, सीटचं कापड पॉलिस्टरचं आहे, त्यावर आजीची सुती गोधडी घातली तर? नोंद थांबवून करून पाहिलं. मुद्दाम जुनी तीन मीटरची केबल परत लावली, म्हणजे फरक दिसेल. गोधडीसकट ४० पैकी ०, गोधडी काढून ४० पैकी २. आकडे लहान आहेत, पण गोधडी राहणार. ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी वायरमन येईपर्यंत खुर्चीवर सुती चादर टाकून बघा. बोर्ड मात्र स्वतः उघडू नका.

पुढचा बेतही बदलतोय. मॉनिटर आर्मसाठी ठेवलेले पैसे आता ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) जाणार. या घराच्या मेनमध्ये तो नाहीच, आणि ते १०४ व्होल्ट पाहिल्यावर आर्म थांबू शकतो. जुना २३.८ इंची विकणार होतो, तोही आता ठेवतोय. उभा करून कडेला लावला तर फॉन्टची यादी आणि पत्रव्यवहार तिकडे जाईल. ६० आणि १८० हर्ट्झ शेजारी असताना कार्ड रिकाम्या वेळी किती वॉट खातं ते आधी मोजतो.

रविवारी वायरमन उरलेले दोन बोर्ड उघडायला येतोय. फ्रिजच्या बोर्डाचं न्यूट्रल-अर्थ मी आत्ताच मोजलं. तिथेही ९८ आहे.