तुम्ही विचारलंत म्हणून: पेनड्राइव्ह आपोआप का उघडत नाही

दुकानात रोज कुणीतरी विचारतंच. "ताई, पेनड्राइव्ह लावला तरी काहीच उघडेना. तुमचं ते लिनक्स बिघडलंय का?" पत्रिका छापायची घाई असते, मागे झेरॉक्सची रांग असते, आणि मी टर्मिनलमध्ये डीमेसेज, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) नोंदवलेले संदेश, वाचत बसलेली असते. मग हाताने माउंट करते, म्हणजे त्यातल्या फाइली उघडता येतील असा पेनड्राइव्ह जोडून घेते. बिघडलेलं काही नाही. हे आपोआप होणं, म्हणजे ऑटोमाउंट, मी मुद्दाम बंद ठेवलंय.

मला ते जमत नाही असं मात्र म्हणू नका. ओपनबॉक्सवर (हा नुसत्या खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्रॅम) ते चालू करायला मी अख्खा आठवडा घातला होता. एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये पेनड्राइव्ह एसडीबी१ नावाने दिसायचा, आपोआप माउंट करणारं यूडिस्की चालू असायचं, तरी उत्तर एकच, 'नॉट ऑथोराइज्ड'. कंटाळून एफस्टॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत, ओळ घातली आणि 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहायचं विसरले. दुसऱ्या सकाळी पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, तर मशीन दीड मिनिट त्याची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. खरं कारण लॉगिनसीटीएलने, म्हणजे लॉगिन सेशन दाखवणाऱ्या कमांडने, दाखवलं. मी लॉगिन एका टीटीवायवर (लिनक्समधला एक वेगळा पडदा) करत होते आणि एक्स, म्हणजे खिडक्यांचं ग्राफिक्स, दुसऱ्याच टीटीवायवर सुरू होत होतं. त्यामुळे माझं सेशन सक्रिय धरलंच जात नव्हतं, आणि सक्रिय नसलेल्या सेशनला पोलकिट (परवानग्या ठरवणारा प्रोग्रॅम) बिनपासवर्डाचं माउंट करू देत नाही. दोन्ही एकाच टीटीवायवर आणल्यावर झालं. वर फाइल मॅनेजर आपोआप उघडेल अशी सोयही मीच केली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

मग शेजारच्या काकू आल्या. हातात रुमालात गुंडाळलेली हार्डडिस्क. "बघ गं, टीव्हीला लागेना झालीय. ह्यांची भजनं आहेत त्यात." काका जाऊन वर्ष झालं होतं. टीव्हीला लागेना, हे ऐकूनच मी थांबायला हवं होतं. मी केबल लावली.

लगेच थुनारची, म्हणजे फाइल मॅनेजरची, खिडकी उघडली आणि त्याच्या जोडीचं टंबलर एकेका व्हिडिओचं थंबनेल (छोटं चित्र) काढायला लागलं. पहिल्या चार चौकटींत काका दिसले, बोटं पेटीवर, डोळे मिटलेले. काकू म्हणाल्या, "तेच, तेच." पाचवी चौकट राखाडी राहिली. डिस्कमधून टक्, टक् असा आवाज यायला लागला. अनमाउंट करायला गेले तर 'टार्गेट इज बिझी'. टंबलर अजून वाचतच होतं. शेवटी केबल उपसली. रात्री बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू लावलं तेव्हा डिस्क दोन मिनिटं दिसायची आणि गायब व्हायची. तिसेक व्हिडिओंपैकी सात निघाले.

डिस्क मरायला टेकलेलीच होती, हे मी काकूंना सांगितलं. ते खरंच आहे. पण तिच्यात जी काही मिनिटं उरली होती, ती मी थंबनेलं काढण्यात घालवली, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. माउंट न करता आधी तिची प्रत काढायला हवी होती.

त्या आठवड्यातली मी आज समोर आली तर भांडेल. एका डिस्कपायी रोजच्या गिऱ्हाइकांना का ताटकळत ठेवतेस? थंबनेल बंद कर, खिडकी आपोआप उघडणं बंद कर, माउंट राहू दे. मी म्हणते, माउंट म्हणजे नुसतं बघणं नव्हे. एक्सटी४ (लिनक्सची फाइल ठेवायची पद्धत) असलेली डिस्क रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, माउंट केली, तरी अर्धवट राहिलेलं जर्नल (बदलांची नोंदवही) कर्नल आधी पूर्ण करतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. ती विचारेल, तुझं कुठलं गिऱ्हाईक एक्सटी४ आणतं? कुणी नाही. पण पेनड्राइव्हवर नेहमी असणाऱ्या फॅट पद्धतीतसुद्धा, लिहिता येईल असं माउंट केलं की 'डर्टी' (अजून नीट बंद केलेली नाही) अशी खूण डिस्कवर लिहिली जाते. "आणि म्हणून पत्रिकेच्या पीडीएफसाठी तीच तपासणी?" यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. लावलेल्या वस्तूंपैकी कुठली काकूंच्या डिस्कसारखी निघेल हे मला बाहेरून कळत नाही, एवढंच.

आईच्या लॅपटॉपवर ऑटोमाउंट चालू आहे. नातवाचे फोटो ती स्वतः लावून बघते, ते बंद करायला मन होत नाही.

दुकानात मात्र पेनड्राइव्ह दिलात की अर्धा मिनिट थांबा. डीमेसेजमध्ये आय/ओ एररच्या (वाचता-लिहिता न आल्याच्या) लाल ओळी नसतील तर फाइल लगेच उघडून देते.