आधी बूट, मग स्की

आज दिवसभर बर्फावर होते. मांड्या भरून आल्यात, पण मन अजून उतारावरच आहे. स्कीइंग शिकणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, वेळ आणि पैसा आधी बुटांवर खर्च करा. स्कीचं नंतर बघू.

बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकावीत. टाच मात्र जागची हलता कामा नये. मोजा एकच, तोही पातळ! दोन जाड मोज्यांत पाय आत सरकत राहतो आणि गारही पडतो.

आज बूट नीट बसले आणि प्रशिक्षकांचं बोलणं थेट पायांना कळायला लागलं. ‘नडगी बुटाच्या जिभेवर दाब’, ‘वजन बाहेरच्या स्कीवर’, ‘एज लाव’, म्हणजे स्की कडेवर कलव. डावीकडे वळताना उजव्या पायावर भार दिला, स्कीची कड कर्रकन बर्फात रुतली आणि वळण आपसूक पूर्ण झालं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

आणि हो, बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या बाइंडिंगचं डीआयएन सेटिंग, म्हणजे किती जोर आला की बूट सुटेल तो आकडा, मैत्रिणीचं बघून लावू नका. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची तयारी, हे सगळं धरून ते ठरतं. फार घट्ट असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि पाय पिरगळतो. ते जाणकार तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या.