ओनरला विचारलं का?

आमच्या कंपनीच्या मालकाचं शिक्षण अमेरिकेतलं. तिथे विद्यार्थी वर्षभराच्या करारावर घर घेतात, उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी दुसऱ्या गावी जातात आणि तेवढ्या दोन-तीन महिन्यांपुरती आपली खोली दुसऱ्याला देऊन टाकतात. ही सोय मुंबईत का नसावी, असं त्याच्या मनाने घेतलं आणि अंधेरीतल्या आमच्या चिमुकल्या ऑफिसात अ‍ॅपचं काम सुरू झालं. डिझाइन माझ्याकडे. मालकाने सांगितलेला आराखडा तीन स्क्रीनचा होता: खोलीचे फोटो टाका, येणारी व्यक्ती निवडा, चावी द्या. दिसायला छान होता. पण खोली बदलताना माणसं प्रत्यक्षात काय करतात, हे बघितल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं.

म्हणून एका शनिवारी मुलुंड पूर्वेला गेले. टू बीएचके, तिघी मुली, भाडं 42 हजार, डिपॉझिट दीड लाख. त्यातली साताऱ्याची मुलगी ऑफिसच्या कामासाठी सहा महिने बंगळूरला निघाली होती. खोली सोडायची नव्हती, भाडंही दोन्हीकडे भरायचं नव्हतं. तिच्या जागी अकोल्याची एक नर्स येणार होती. आमच्या अ‍ॅपसाठी याहून चांगला नमुना कुठला मिळणार?

नर्स रिक्षातून दोन बॅगा आणि गादीची वळकटी घेऊन उतरली आणि गेटवरच अडकली. वॉचमनने इंटरकॉम लावला, पाच मिनिटांत सेक्रेटरी खाली.

"या कोण?"

"काका, माझ्या जागी राहणार आहे. सहाच महिने."

"सहा महिने असोत नाहीतर सहा दिवस. अ‍ॅग्रीमेंटमध्ये यांचं नाव आहे? पोलिसांना कळवलंय? ओनरला विचारलं का?"

साताऱ्याची मुलगी गप्प. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्यांना सांगितलं की भाडं वाढवतात ना, ताई."

सोसायट्यांच्या कमिट्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एकट्या मुलीला घर देताना यांना नको ते प्रश्न सुचतात, हे मी स्वतः भोगलंय. पण त्या दिवशी सेक्रेटरींचं काही चुकत नव्हतं. मुंबईतली घरं बहुतेक लिव्ह अँड लायसन्सवर जातात, आणि असं लायसन्स म्हणजे राहण्याची परवानगी. ती घेणाऱ्याला परस्पर दुसऱ्याकडे देता येत नाही. दुसऱ्याच्या जागेच्या वापराबद्दलच्या 1882च्या इझमेंट्स अ‍ॅक्टपासून हे असंच आहे. शिवाय 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आमचं 'चावी द्या' हे बटण मुलगी दाबणार आणि निस्तरणार तो ओनर, ज्याचं आमच्या तिन्ही स्क्रीनवर नावसुद्धा नव्हतं.

शेवटी ओनरला फोन गेला. तासाभरात ते डोंबिवलीहून लोकलने आले. बँकेतून निवृत्त झालेले, हातात कापडी पिशवी. आवाज चढवतील म्हणून मुली धास्तावल्या होत्या. त्यांनी आधी चहा मागितला. मी कोण, काय करते ते विचारलं. मी अ‍ॅपचं सांगितल्यावर म्हणाले, "तुमचं हे अ‍ॅप नव्हतं तेव्हा माझ्या वडिलांनी हाच उद्योग केला होता."

वडील गिरगावात एका चाळीत भाडेकरू. दोन खोल्या, अगदी थोडं भाडं. सत्तरच्या सुमारास नोकरीत बदली झाली नागपूरला. खोल्या सोडल्या तर पुन्हा मिळायच्या नाहीत, म्हणून ओळखीच्या एका गृहस्थाला लिव्ह अँड लायसन्सवर ठेवून सगळे नागपूरला गेले. "दोनेक वर्षांचा तर प्रश्न होता," ओनरकाका म्हणाले. त्या दोनेक वर्षांत कायदा बदलला. मुंबई भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 या दिवशी जो चालू लायसन्सवर जागेत राहत होता, तो थेट भाडेकरू ठरला. घर नसलेल्यांना संरक्षण मिळावं, हा हेतू. काकांच्या वडिलांसारख्या, जागा तात्पुरती देऊन गेलेल्यांचा त्यात बळी गेला. ते परत आले तेव्हा खोल्या त्या गृहस्थाच्या नावावर झालेल्या. "भांडणार कशावरून? कायदा त्याच्या बाजूने. आम्ही डोंबिवलीला गेलो, ते कायमचेच."

मुलींपैकी कुणाला हे माहीत नव्हतं. मलाही 1973च्या दुरुस्तीची ओळख होती ती वकिलाने दिलेल्या दोन ओळींच्या टिपणापुरती. अकरा महिन्यांचे करार, मुदत संपली की घर रिकामं करा म्हणून लागणारा तगादा, 'पोटभाडेकरू ठेवणार नाही' हे प्रत्येक करारात असणारं कलम: या सगळ्याला आपण ओनरचा खडूसपणा म्हणतो. त्यामागे अशी किती घरं गेलेली असतील, कोण जाणे. आताचा कायदा बराच घरमालकाच्या बाजूचा आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं भरावं लागतं. पण एकदा घर गेलेल्या माणसाला कायद्याचं कलम दाखवून धीर येत नाही.

मग व्यवहाराचं बोलणं सुरू झालं आणि तिथे मला खरं काम सापडलं. भाडं वाढवायचं काकांच्या मनातही नव्हतं. त्यांना छळत होता वेगळाच प्रश्न. नर्सने डिपॉझिटच्या वाट्याचे पन्नास हजार साताऱ्याच्या मुलीला यूपीआयने आधीच पाठवले होते. "माझ्याकडे दीड लाख आहेत या तिघींचे. उद्या घर रिकामं झालं तर तुझा वाटा मी हिला देऊ की तुला?" काकांनी विचारलं. नर्सचा चेहरा उतरला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुंबईत अशा फ्लॅटमध्ये एक गेली की दुसरी येते, डिपॉझिट एकीकडून दुसरीकडे फिरत राहतं, आणि ओनरच्या कागदावर पहिलंच नाव असतं. पैसे बुडतात ते इथे.

एजंटला बोलावलं. जुना करार रद्द, उरलेल्या मुदतीचा नवा, नर्सचं नाव आणि तिचा डिपॉझिटचा वाटा लिहून. अकरा महिन्यांचा पूर्ण करार धरला तरी स्टॅम्प ड्यूटी 0.25 टक्क्याने बाराशेच्या आसपास, नोंदणीचे हजार, वर एजंटची फी. ती मात्र त्याने तिघींचे चेहरे बघून सांगितली आणि काकांनी ती निम्म्यावर आणली. संध्याकाळी तो अंगठ्याचं मशीन घेऊन येईपर्यंत बॅगा सोसायटीच्या ऑफिसात. सेक्रेटरींनीच कुलूप उघडून दिलं.

राहिला प्रश्न साताऱ्याच्या मुलीच्या परतीचा. "सहा महिन्यांनी मला खोली मिळेल ना, काका?"

"ही निघाली तर मिळेल. नाही निघाली तर मी हिला काढणार नाही."

मुलीने थोडा विचार केला आणि कपाटातलं उरलंसुरलं सामानही बॅगेत भरायला घेतलं.

सोमवारी ऑफिसात मी नवा आराखडा मांडला. पहिल्या स्क्रीनवर ओनरचा मोबाइल नंबर. त्याला अ‍ॅप उतरवून घ्यायला लावायचं नाही. साधा एसएमएस, मराठीत, होकार द्यायला एक लिंक. डिपॉझिटची वेगळी पावती, ओनर, जाणारी आणि येणारी अशा तिघांच्याही सहमतीची. 'चावी द्या' नव्या कराराची नोंदणी होईपर्यंत बंद. कंपनीच्या मालकाला पावती आवडली, पहिली स्क्रीन अजिबात नाही. नंबर मागितला की लोक तिथूनच परत फिरतील, हे त्याचं म्हणणं, आणि चाचणीत बरेच जण फिरतातही. ती स्क्रीन शेवटी न्यावी म्हणून दर आठवड्याला मीटिंग होते. मी अजून ती हलवलेली नाही.