कोपऱ्यावरचं गेट हलवताना

नाशिकमधल्या आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या अलीकडे, कोपऱ्याचा एक प्लॉट बरीच वर्षं मोकळा पडून होता. तिथे मिश्र वापराच्या इमारतीचा बोर्ड लागला. खाली दोन मजले दुकानं, त्यांच्यावर दवाखाने आणि ऑफिसं, वर फ्लॅट. सोसायटीच्या बैठकीत एकच सूर होता: बांधकामच थांबवायचं. सेक्रेटरी म्हणून कागदपत्रं माझ्याकडे होती, आणि ती वाचल्यावर मला या मागणीत दम दिसेना. प्लॉट निवासी विभागातला, समोर १८ मीटरचा रस्ता. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला लागू असलेल्या विकास नियमावलीत, अशा रुंद रस्त्यावर निवासी विभागात दुकानं आणि ऑफिसं चालतात. नियमात बसणारी इमारत 'आम्हाला नको' म्हणून थांबत नाही. पण त्या इमारतीतल्या गाड्या कुठून आत जाणार आणि कुठून रस्त्यावर येणार, यावर बोलायला जागा होती. ती जागा आम्ही धरली.

मंजूर नकाशा मिळवायला फार धडपड करावी लागली नाही. बोर्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक होता. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं की मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी कोणालाही बघता येते, त्यासाठी फ्लॅट बुक केलेला असावा लागत नाही. तिथली प्रत पुसट होती, म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. अर्जात नुसत्या प्रती न मागता फाइल पाहण्याचीही मागणी करावी. फाइल समोर असली की कोणते कागद आपल्या कामाचे ते कळतं, आणि तेवढ्याच प्रती घेता येतात.

नकाशात गेट एकच, तेही आमच्या १२ मीटरच्या कॉलनी रस्त्यावर, कोपऱ्यापासून अवघ्या ९ मीटरवर. दुकानं, दवाखाने, ऑफिसं, फ्लॅट, माल घेऊन येणारे टेम्पो, सगळ्यांची ये-जा तिथूनच. एवढा १८ मीटरचा रस्ता समोर असताना गेट बाजूला का, असं पहिल्यांदा वाटलं. नकाशा पुन्हा पाहिल्यावर कारण दिसलं. मोठ्या रस्त्याकडची सगळी बाजू दुकानांच्या शटरनी भरली होती. तिथे गेट ठेवायचं तर दोन दुकानं जातात, आणि रस्त्याकडच्या दुकानाचा भाव सगळ्यात जास्त. दुकानांसाठी वाचवलेली ती जागा आमच्या रस्त्यावरून वसूल होणार होती.

एक गाडी, तिच्यापुढची मोकळी जागा धरून, सहा मीटर अडवते. म्हणजे गेटवर वॉचमनने एका गाडीला थांबवलं की तिच्या मागची गाडी थेट कोपऱ्यावर आणि तिसरी मोठ्या रस्त्यावर. संध्याकाळी सात वाजता हे रोज होणार, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. पण लेखी मांडायला आकडे लागतात.

प्रकल्पाचं बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या वर होतं, त्यामुळे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याला पर्यावरण मंजुरी लागते. या गटातल्या इमारतींना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणून शेजाऱ्यांना कोणी बोलावत नाही. मात्र त्या मंजुरीसाठी जोडलेले कागद 'परिवेश' या केंद्राच्या पोर्टलवर असतात, आणि त्यात वाहतुकीचा अहवालही होता. नीट छापलेला, रंगीत आलेखांचा. गाड्यांची मोजणी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुपारी केलेली. शाळा बंद, ऊन डोक्यावर, रस्ता ओस. आमचा रस्ता ज्याने एकदा जरी जून ते मार्चच्या दिवसांत सकाळी पाहिला असेल तो ही वेळ निवडणार नाही. सिग्नल चुकवायला अर्धं इंदिरानगर इथून घुसतं. अंबड एमआयडीसीत कामाला जाणारे पाथर्डी फाट्याकडे निघालेले असतात, त्यातच शाळेच्या व्हॅन आणि रिक्षा.

मोजणी आम्ही स्वतः केली. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत मोबाइल लावून सकाळचं शूटिंग केलं आणि नंतर दर पंधरा मिनिटांच्या तुकड्यात टू-व्हीलर, कार, रिक्षा, टेम्पो वेगवेगळे मोजले. चार घरांतल्या मुलांनी हे काम मन लावून केलं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा (आयआरसी) आयआरसी १०६ हा शहरी रस्त्यांच्या क्षमतेचा दस्तऐवज आहे, त्यात प्रत्येक वाहन किती कारइतकं धरायचं ते दिलं आहे. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचा वाटा दहा टक्के किंवा जास्त असेल तर टू-व्हीलर ०.७५ आणि रिक्षा तब्बल २. आमच्या सर्वाधिक गर्दीच्या तासात ६२० टू-व्हीलर, १७० कार, १०० रिक्षा आणि ३० छोटे टेम्पो व व्हॅन निघाल्या. हिशेब ८७७ कारवर गेला. आमच्यासारख्या वस्तीतल्या दुपदरी रस्त्यासाठी तोच दस्तऐवज ताशी ९०० कारची क्षमता धरतो. म्हणजे इमारतीतली एकही गाडी बाहेर पडण्याआधी रस्ता काठोकाठ भरलेला होता. अहवालातला आकडा याच्या निम्म्याच्याही खाली होता.

तरी गर्दीपेक्षा मला जास्त घोर होता तो दिसण्याचा. कॉलनीच्या आतून येणारा रस्ता नाल्यावरच्या मोरीपाशी वळतो आणि तिथून कोपऱ्याकडे उतार आहे. पोरं उतारावर गाडी सोडतात. नकाशातल्या गेटच्या एका बाजूला सहा फुटी कंपाउंड वॉल आणि तिला लागून ट्रान्सफॉर्मरचा पिंजरा. बाहेर पडणाऱ्या ड्रायव्हरला वळणावरून येणारी गाडी कधी दिसणार?

हे आम्ही एका रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, मोजून पाहिलं. प्लॉटला पत्र्याचं कुंपण होतंच, साधारण भिंतीच्याच उंचीचं. शेजारचे काका एसटीत ड्रायव्हर होते. नकाशातलं गेट जिथे येतं तिथे त्यांना खुर्चीवर असं बसवलं की डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर येतील, कारण आयआरसी कारचालकाची नजर तेवढ्या उंचीवर धरते. माझी मुलगी हातात हेल्मेट घेऊन वळणाकडून रस्त्याच्या मधून चालत आली. काकांनी "दिसलं!" म्हणताच तिने पायाखाली खडूची रेघ मारली. टेपने अंतर भरलं २७ मीटर. मग वेग. रस्त्यावर ३० मीटरच्या अंतरावर दोन रेघा मारल्या आणि सकाळच्या गाड्यांचं शूटिंग करून त्या दोन रेघांमधला वेळ काढला. बऱ्याच मोटारसायकली ते अंतर २.२ सेकंदांत कापत होत्या. म्हणजे ताशी ४९ किलोमीटर.

ताशी ५० च्या वेगाला आयआरसीप्रमाणे थांबायला ६० मीटर लागतात. त्यातले सुमारे ३५ मीटर नुसते समोरचं पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या अडीच सेकंदांत सरतात. आमच्याकडे सगळे मिळून २७. मोटारसायकलवाल्याचा पाय ब्रेकवर पडायच्या आतच तो गाडीवर आदळलेला असेल. काका टेपकडे बघत म्हणाले, "ताई, यात ड्रायव्हर चांगला की वाईट हा प्रश्नच उरत नाही." आमच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद मी याच मोजमापावर लिहिला, गर्दीचा हिशेब दुसऱ्या पानावर टाकला.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर मिर्ची हॉटेलच्या चौकात खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली, ते नाशिककर विसरलेले नाहीत. पण केंद्राच्या व्याख्येप्रमाणे महामार्गावरची जागा 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघातप्रवण, ठरते ती सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यावर. आमच्या गेटवर अजून काहीच झालेलं नव्हतं, कारण गेटच नव्हतं. कागदावरच्या गेटसाठी कागदावरच भांडावं लागतं, आणि ते भांडण आधीच उरकावं लागतं.

निवेदन दिलं महापालिकेच्या नगररचना विभागात आणि पोलिसांच्या वाहतूक शाखेत, दोन्हीकडे आवक शिक्का घेऊन. बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्यांची सुनावणी घेण्याचं बंधन नगररचना कायद्यात नाही, त्यामुळे 'हरकत' असा शब्द आम्ही वापरला नाही. 'सुरक्षिततेबाबत स्थळपाहणीची विनंती' असं शीर्षक दिलं आणि सोबत नकाशाचा तुकडा, मोजमापाचे फोटो आणि मोजणीचा तक्ता जोडला. सह्यांचा गठ्ठा जोडला नाही. काही सभासदांना हे पटलं नाही, पण दोनशे सह्यांपेक्षा टेपचा एक फोटो जास्त बोलतो हे माझं मत होतं आणि आजही आहे.

स्थळपाहणीला दोन्हीकडचे अधिकारी आले. वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यांनी स्वतः त्या जागी वाकून वळणाकडे पाहिलं आणि सोबतच्या इंजिनिअरला म्हणाले, "इथून मलाही काही दिसत नाही." त्या वाक्यानंतर चर्चेचा नूर बदलला. कॉलनीतल्या काहींनी तिथेच स्पीडब्रेकर मागितला. अधिकाऱ्यांनी समजावलं की नियमातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असतो, आधी फलक लागतो. गल्लीत रातोरात उभे राहणारे डांबराचे उंचवटे टू-व्हीलरवाल्यांना पाडतात. नियमातला स्पीडब्रेकर मोरीच्या अलीकडे सुचवण्यात आला.

बांधकाम व्यावसायिकाबरोबरची बैठक अवघड गेली. "ताई, पुढची दुकानं बुक झालीत," हे त्यांचं पहिलं वाक्य. ते खोटं नव्हतं. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात असा बदल करायचा तर बुकिंग केलेल्यांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची लेखी संमती लागते. तेव्हा बुकिंग थोडी होती, म्हणून हे शक्य होतं. आणखी वर्षभराने तीच मागणी केली असती तर शेकडो लोकांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या असत्या, आणि ते कोणी केलं नसतं. त्यांच्या आर्किटेक्टने मात्र टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि तिथेच नवीन गेट आखलं. दुकानांच्या गिऱ्हाइकांना पार्किंग सापडलं नाही तर ते दारातच गाड्या लावतील आणि दुकानाचाच धंदा बसेल, हे त्याने मालकाला आमच्यापेक्षा चांगलं पटवलं.

सुधारित नकाशात दुकानं आणि ऑफिसांचं जाणं-येणं १८ मीटरच्या रस्त्यावर, प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यापासून सुमारे ४५ मीटरवर गेलं. दोन दुकानांची जागा त्यात गेली. बूम बॅरियर गेटच्या रेषेपासून १२ मीटर आत, म्हणजे दोन गाड्या रस्ता न अडवता उभ्या राहतील. बेसमेंटचा चढ संपल्यावर एक कार सपाटीवर थांबेल एवढी जागा सोडली, म्हणजे गाडी चढावरून थेट फुटपाथवर उसळणार नाही. कॉलनीच्या बाजूला फक्त फ्लॅटवाल्यांचं गेट राहिलं. त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत दोन फुटांवर आणली आणि वर जाळी घेतली, ट्रान्सफॉर्मर मागे सरकवण्याचा खर्च बांधकाम व्यावसायिकाने उचलला. तरी त्या गेटवरून ६० मीटर पूर्ण मिळत नाहीत, ४८ मिळतात. बाकीचं काम स्पीडब्रेकरने वेग उतरवून करायचं आहे. ताशी ४० ला ४५ मीटर पुरतात.

मला अजून पटलेलं नाही ते एकच. मोठ्या रस्त्याला दुभाजक आहे, त्यामुळे नव्या गेटमधून फक्त डावीकडे वळता येईल. पाथर्डी गावाकडे जायचं असेल त्याने पुढच्या फटीतून यू-टर्न घ्यायचा. कारवाले घेतील, टू-व्हीलरवाले राँग साइडने कोपऱ्यापर्यंत येतील, हे नाशिकमध्ये कोणाला सांगायला नको. म्हणून गेटपासून कोपऱ्यापर्यंत फुटपाथच्या कडेला लोखंडी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब, आणि दुकानांसमोर नो-पार्किंग, अशी वेगळी मागणी दिली आहे. नो-पार्किंगला वाहतूक शाखेची अधिसूचना लागते, ती निघायची आहे. माल उतरवणाऱ्या टेम्पोंची वेळ सकाळी सातच्या आत किंवा दुपारी ठेवावी, ही अट भोगवटा प्रमाणपत्रात लिहून यावी असा अर्जही आवक झाला आहे. सध्या पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात वाहतूक वळवली की आमच्या रस्त्यावरची गर्दी आणखी वाढते. शाळा सुरू झाल्यावर त्याच गॅलरीतून पुन्हा मोजणी करणार आहोत आणि तो तक्ता याच फाइलला जोडणार आहोत.