आमची वाटचाल: काचेवरच्या पातळ थराची जाडी

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी काम सुरू केले, तेव्हा आमच्यापाशी एक स्पिन कोटर (काच गरगर फिरवून तिच्यावर द्रावणाचा पातळ थर पसरवणारे यंत्र), एक नाजूक वजनकाटा आणि काचपट्ट्यांचे काही खोके एवढेच भांडवल होते. प्रयोगशाळांना आणि छोट्या सेन्सर उत्पादकांना ठरलेल्या जाडीचा पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, थर चढवून काचा पुरवायच्या, हा आमचा धंदा. त्यातले सारे कष्ट ‘ठरलेल्या’ या एका शब्दात आहेत.

पॉलिमरचे द्रावण तेच ठेवून फिरण्याचा वेग चौपट केला की थराची जाडी साधारण निम्मी होते, हा नियम आम्हाला ठाऊक होता आणि उन्हाळाभर त्यावर काम भागले. पावसाळा लागल्यावर मात्र एका सकाळी धाकट्याने खिडकीशी धरलेली काच तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी दिसली. दोन दिवस आम्ही पॉलिमरच्या पिशवीवर संशय घेत राहिलो. खरे कारण हवेत होते: पॉलिमर विरघळवणारा द्रावक, ॲसिटोन, झपाट्याने उडताना थराचा पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि पारदर्शक ॲक्रिलिक हे आमचे पॉलिमर गढूळ होते. ती सगळी खेप आम्ही टाकून दिली, ॲसिटोनऐवजी सावकाश उडणारे ॲनिसोल घेतले आणि पहिल्या नफ्यातून हवेतला दमटपणा काढणारा डीह्युमिडिफायर आणला. द्रावक बदलताच जाडीही बदलली, कारण थर किती पसरल्यावर थिजणार हे द्रावकाच्या उडण्यावरही ठरते. त्यामुळे वेगाचे सगळे कोष्टक नव्याने मांडावे लागले.

तेव्हापासून द्रावणाची प्रत्येक बाटली संध्याकाळी बंद करताना आणि सकाळी उघडण्यापूर्वी वजन करून वहीत नोंदवली जाते. झाकण किंचित सैल राहिले तरी द्रावक उडून द्रावण दाट होते, आणि पॉलिमरचे प्रमाण थोडेसे वाढले तरी विस्कॉसिटी, म्हणजे द्रावणाचा घट्टपणा, त्याहून कितीतरी वेगाने चढते. वजनात घट दिसली की तेवढेच ॲनिसोल घालून बाटली सावकाश ढवळायची, हे काम माझी वहिनी करते आणि तिच्या नोंदींवर माझा यंत्रापेक्षा अधिक विश्वास आहे.

मोठ्या काचांसाठी पुढे डिप कोटिंग, म्हणजे काच द्रावणात बुडवून वर खेचण्याची पद्धत, घेतले. लँडाऊ आणि लेविच या शास्त्रज्ञांनी 1942 मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे काच आठपट वेगाने वर खेचली तर ओला थर चौपट जाड होतो. पण फारच हळू खेचल्यावर, द्रावणाच्या काठाशीच द्रावक उडून पॉलिमर साचत असल्यामुळे, थर पुन्हा जाड होऊ लागतो, हे आम्ही काचा वाया घालवून शिकलो. रस्त्यावरून ट्रक गेला की थरावर आडवी रेघ उमटे, म्हणून यंत्राखाली जाड रबराच्या गाद्या घातल्या.

आजही प्रत्येक खेपेतल्या एका काचेवर तीन ठिकाणी पात्याने ओरखडा काढून, त्याच्या काठाची उंची मोजूनच उरलेल्या काचा खोक्यात भरतो.